ताळा पाहिला का?

“सॉफ्टवेअरमध्ये पास झालंय.”

हे वाक्य गेल्या दीड वर्षात मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की अंगातली बाई जागी होते. (बाई म्हणजे शाळेतली बाई.) पास झालं म्हणजे नेमकं काय झालं? पेपर कोणी काढला होता? तपासला कोणी? आणि काढणारा, लिहिणारा, तपासणारा एकच असेल तर त्या निकालाला आमच्या स्टाफरूममध्ये काय म्हणत असत, ते इथे लिहीत नाही.

विषय लोखंडी शेडचा आहे. मंडळी, हसू नका. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या, जन्मभर खडू झिजवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पोर्टल फ्रेमवर लिहावं याची गंमत मलाही वाटतेच. माझा भाचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, “मावशी, शुद्धलेखन संपलं वाटतं? आता स्टीलच्या मागे लागलीस!” लागले. कारण पुणे जिल्ह्यातल्या एका शाळेच्या बांधकाम समितीवर मी आहे. तिथे १८ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब शेड उभी राहिली आहे आणि तिच्याखाली रोज सकाळी चारशे मुलं प्रार्थनेला बसतात. मुलांच्या डोक्यावर काय आहे हे विचारायला इंजिनिअरिंगची पदवी लागते, असं मला वाटत नाही.

आधी पोर्टल फ्रेम म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते. जाणकारांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. पूर्वी गोदामांना, गिरण्यांना कैच्या असत. अँगल जोडून केलेले त्रिकोण, भिंतींवर नाहीतर खांबांवर ठेवलेले. आता बहुतेक ठिकाणी कैची गेली. दोन खांब, त्यांच्या डोक्यावरून मधल्या आढ्याकडे चढत गेलेले दोन राफ्टर, आणि खांब व राफ्टर जिथे भेटतात तिथे घट्ट, न फिरणारा सांधा. पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ही फ्रेम असते. वरून ओझं आलं की पाय बाहेर सरकू पाहतात आणि सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते त्या सांध्याला. इंग्रजीत त्याला गुडघाच म्हणतात. म्हणून तिथे लोखंड रुंद आणि जिथे जोर कमी तिथे निमुळतं. अशा सहा फ्रेमा सहा-सहा मीटरवर उभ्या केल्या, त्यांवर आडव्या पर्लिन टाकल्या, वर अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा ठोकला की झाली शेड. मधे एकही खांब नाही. दिसते देखणी, यात शंका नाही.

हे गणित पूर्वी हातानं करत. क्लाइनलोगेल नावाच्या जर्मन इंजिनिअरचं फ्रेमच्या सूत्रांचं पुस्तक टेबलावर असे. १९३० मध्ये हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकानं सांध्यांतले जोर वाटत वाटत उत्तरापर्यंत जाण्याची रीत दिली, ती पुढे जगभर चालली. आता स्टॅड प्रोसारखं सॉफ्टवेअर हे काम चहा निवायच्या आत करतं. भाच्याचं म्हणणं असं, की हातानं करणारा माणूस दमून दोन-तीन परिस्थिती तपासायचा. सॉफ्टवेअर छपराचं वजन, वर चढलेली माणसं, चारी दिशांचा वारा, भूकंप यांच्या पन्नास-साठ जोड्या लावून बघतं. आणि निमुळत्या लोखंडाचं गणित हातानं करायचं म्हणजे दिवाळीच काय, शिमगाही उलटेल. हे सगळं मला मान्य आहे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे गाणं गायला मी बसलेली नाही. आमच्या वेळीही माणसं बेरजा चुकत होती, मी तर त्या चुकांवर लाल शाई ओतून पोट भरलं.

यंत्राला जी शेड सांगितली, ती ते बरोबर सोडवतं. पण सांगितलेली शेड आणि उभी राहिलेली शेड या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. त्या दोन शेजारी-शेजारी ठेवून बघायचं काम कोणाचं? मी विचारत फिरले. कोणाचंच नाही.

एक उदाहरण घेऊ. घरात प्लास्टिकची लवचीक फूटपट्टी असेल तर आणा. ती कडेवर उभी धरा आणि दोन्ही टोकांनी वाकवायला जा. ती सरळ वाकत नाही, बाजूला पलटी खाते. जी कड दाबली जाते ती पळ काढते. मधे कोणी ती कड चिमटीत धरली तर पळू शकत नाही. राफ्टरचं नेमकं हेच. त्याला वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी असते. वरची पट्टी पर्लिननी जागोजाग धरलेली असते. खालची मोकळी लोंबते. गुडघ्याजवळ ही खालची पट्टी एरवीच्या ओझ्यानंही दाबली जाते, आणि वादळात वारा छप्पर वर ओढू लागला की मधल्या भागातही तीच दाबली जाते. म्हणून पर्लिनपासून खालच्या पट्टीपर्यंत तिरका, हातभर लांबीचा अँगल लावतात. त्याला फ्लाय ब्रेस म्हणतात. दिसायला क्षुल्लक. फूटपट्टीतली चिमूट ती हीच.

आता सॉफ्टवेअरला हा अँगल दिसत नाही. त्याला फक्त एक आकडा हवा असतो : खालची पट्टी किती अंतरावर धरलेली आहे? दीड मीटर लिहिलं तर दीड. तीन लिहिलं तर तीन. कोण धरणार आहे, कशानं धरणार आहे, हे ते विचारत नाही. आणि हा आकडा काही साधासुधा नव्हे. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय, की दाबल्या जाणाऱ्या सडपातळ दांड्याची न पळण्याची ताकद आधारांमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट, ताकद चौथाई. राफ्टरच्या पलटी खाण्याचं गणित याहून किचकट आहे, पण कल त्याच बाजूचा.

आमच्या शेडच्या नकाशात एका फ्रेमला आठ, म्हणजे सहा फ्रेमांना ४८ फ्लाय ब्रेस दाखवलेले होते. मी आणि आमचे चित्रकलेचे सर, दोघं माना वर करून मोजत गेलो. भरले २०. पंचवीस मागच्या खोलीत गोणीत मिळाले आणि तीन सायकल स्टँडच्या दुरुस्तीत खपलेले होते. फॅब्रिकेटर म्हणाला, “बाई, ते उगाच असतात. शिवाय दिसायला बरे दिसत नाहीत.” इंजिनिअरला फोन लावला. त्यानं लॅपटॉप उघडला असावा, कारण थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, “पास आहे मॅडम. सगळे मेंबर एकच्या आत आहेत.”

एकच्या आत म्हणजे काय ते सांगते. लोखंडाच्या प्रत्येक तुकड्यावर येणारा जोर भागिले त्याची सोसायची ताकद. उत्तर एकपेक्षा कमी आलं तर पास. ०.९८ आलं तरी पास, तेही हिरव्या रंगात. आता छेदातली ताकद ज्या ४८ अँगलांच्या जिवावर काढली, त्यांतले २८ नसताना तो ०.९८ कुठे जाईल? इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये ते २८ अजून जागेवरच आहेत.

हे म्हातारपणचं भय आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी हार्टफर्डची गोष्ट वाचावी. अमेरिकेत कनेटिकट राज्यात या गावी मोठं क्रीडागृह होतं. छप्पर ३०० फूट बाय ३६० फूट, सुमारे १४०० टनांचं. पोर्टल फ्रेम नव्हे, दांड्यांची जाळी. पण त्याचं गणित कॉम्प्युटरवर केलेलं, त्या काळी ती केवढी नवलाई! छप्पर चढवतानाच त्याचा झोल गणितातल्या आकड्याच्या दुप्पट भरला होता. इंजिनिअरांना तो सांगितलाही गेला. तरी काम पुढे गेलं. १९७८ च्या जानेवारीत, १७ तारखेच्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला, पाच हजारांच्या आसपास माणसं बसलेली. ती घरी गेली, आणि १८ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास बर्फाच्या ओझ्यानं सगळं छप्पर खाली आलं. कोणाला इजा झाली नाही, हा केवळ घड्याळाचा उपकार. चौकशीत काय निघालं? वरचे दाबले जाणारे दांडे मधे धरलेले आहेत असं गणितात होतं, प्रत्यक्षातले सांधे त्यांना तसे धरतच नव्हते. छपराचं स्वतःचं वजनही कमी धरलं होतं. मला त्यातला तो दुप्पट झोल विसरता येत नाही. छप्पर स्वतः सांगत होतं, पण माणसांचा विश्वास कागदावर.

असो. पायाबद्दल थोडक्यात. खांब जमिनीत ‘घट्ट’ आहे की ‘बिजागरीसारखा’ हे सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीनं ठरतं. घट्ट म्हटलं की फ्रेमचं वाकणं कमी दिसतं, लोखंड हलकं होतं. पण खांब खरोखर घट्ट राहायला खाली तेवढा मोठा पाया आणि तसे बोल्ट लागतात. काळ्या मातीत चार बोल्टांवर उभा केलेला खांब टिचकी मारल्यानं घट्ट होत नाही, इतकंच म्हणते.

आता शटरचं प्रकरण, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण यात पाचवीच्या गणितापलीकडे काही नाही.

वाऱ्याचे नियम आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात आहेत. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. वेगाचा वर्ग करा आणि ०.६ नं गुणा, न्यूटनमध्ये दाब मिळतो. ३९ चा वर्ग १५२१. गुणिले ०.६, म्हणजे ९१२. एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलो. (भूभाग, उंची वगैरेंचे गुणक असतात, ते तूर्त एक धरू.) लोकांना वाटतं वारा छपराला खाली दाबतो. आपल्याकडच्या कमी उताराच्या छपराला तो मुख्यतः वर ओढतो. पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचा, सगळं लोखंड धरलं तरी पंचवीस-तीस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा तिकडे पत्रे आणि कौलं कशी उडाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

बाहेरून ओढ असतेच, पण आतूनही ढकल असते. इमारत बहुतेक बंद असेल, भोकं भिंतीच्या पाच टक्क्यांच्या आत असतील, तर आतला दाब वरच्या आकड्याच्या ०.२ पट धरायचा. भोकं वीस टक्क्यांपेक्षा मोठी असतील तर ०.७ पट. फुगा आणि फुटका फुगा यांतला फरक मुलांना समजतो, तसंच हे. फक्त इथे हवा भरणारं वादळ आहे.

आमच्या शेडच्या पूर्वेच्या भिंतीत दोन मोठी रोलिंग शटर होती. नकाशात. इंजिनिअरनं शेड बंद धरून ०.२ लावलं, ते त्या नकाशाला धरून बरोबरच. पुढे पैसे कमी पडले. ठरलं, की शटर पुढच्या वर्षी देणगी आली की बसवू. त्या भिंतीचा चौथा हिस्सा आज उघडा आहे. करा हिशेब. ०.७ वजा ०.२ म्हणजे ०.५. गुणिले ९३ किलो, म्हणजे चौरस मीटरला साडेसेहेचाळीस. छप्पर १८ गुणिले ३०, म्हणजे ५४० चौरस मीटर. उत्तर २५,११० किलो. पंचवीस टन! वादळात छपराला वर ढकलणारा हा जादा जोर कोणत्याही अहवालात नाही, कारण अहवालातली शटरं बंद आहेत. अहवाल १८४ पानांचा आहे, मी प्रत्येक पान उलटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही आकडा चुकलेला नसेल, मला त्याबद्दल संशयच नाही.

भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो गंभीर झाला. पण म्हणाला, “अगं, म्हणून तर दुसऱ्या इंजिनिअरकडून चेक करून घेतात.” मी विचारलं, तो दुसरा काय करतो? तर तो पहिल्याची फाइल मागवतो, आपल्या लॅपटॉपवर उघडतो, पुन्हा चालवतो. तेच आकडे, तेच अंतर, तीच बंद शटरं. हिरवं ते हिरवंच येणार!

ज्यांनी माझ्यासारखा नवाचा ताळा घोकला आहे त्यांना आठवत असेल, ४५ च्या जागी ५४ लिहिलं तरी ताळा जुळतो. अंकांची बेरीज नऊच. म्हणून मी वर्गात सांगायची, ताळा जुळला म्हणजे सुटलात असं समजू नका. वजाबाकी केली असेल तर उलट मिळवून पाहा. दुसऱ्या वाटेनं त्याच घरी पोचता येतं का बघा. आल्या वाटेनं परत गेलात तर वाटेतला खड्डा दोन्ही वेळा ओलांडाल, कळणार नाही.

पोर्टल फ्रेमचा असा ताळा काढता येतो, आणि त्याला कॉम्प्युटर लागत नाही. एक फ्रेम किती छप्पर उचलते? १८ गुणिले ६, १०८ चौरस मीटर. छपराचं आणि लोखंडाचं वजन तीस किलो, वर नियमाप्रमाणे ०.७५ किलोन्यूटन म्हणजे साधारण पंच्याहत्तर किलो. झाले १०५. गुणाकार ११,३४० किलो. निम्मे निम्मे दोन पायांत, ५,६७०. अहवालात त्या परिस्थितीला खांबाखाली छप्पन-सत्तावन्न किलोन्यूटनांच्या जवळपास आकडा हवा. पाच दिसला किंवा पाचशे दिसला तर कोणीतरी मीटर आणि मिलिमीटरची गल्लत केलेली आहे. हे आमच्या सातवीच्या मुलांनी करून दाखवलं. (आमचा आकडा जुळला, हे प्रामाणिकपणे सांगते.) वाऱ्यासाठी, गुडघ्यातल्या जोरासाठी असेच दोन-चार हिशेब अनुभवी इंजिनिअर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर करू शकतो. आणि त्यानं ते फाइलवरून नव्हे, जागेवर उभं राहून, वर बघून करावेत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

यावर नेहमीचं उत्तर : वेळ कोणाला आहे, आणि पैसे कोण देणार? हा प्रश्न खरा आहे. समितीपुढे तीन कोटेशनं आली होती. तिन्हींत डिझाइनच्या रकान्यात लिहिलेलं होतं : फुकट. लोखंडाबरोबर डिझाइन फुकट, भाजीवर कोथिंबीर घालतात तसं. आणि भाव किलोवर. सगळ्यांच्या नजरा शेवटच्या आकड्यावर. ज्याची फ्रेम हलकी त्याला काम. आता तुम्हीच सांगा, फ्रेम हलकी करायचे सोपे मार्ग कोणते? पाया घट्ट धरा. खालची पट्टी दर पर्लिनला धरलेली आहे असं लिहा. शेड बंद धरा. नियमावली निवडायची खिडकी असते, तिथे अमेरिकन मेटल बिल्डिंगवाल्यांचा हिशेब निवडा. त्यात छपरावरच्या ओझ्याला ०.५७ किलोन्यूटन धरून चालतं, आपल्या नियमात ०.७५. यांतली एकही गोष्ट खोटी नाही. प्रत्येकीमागे कुठे ना कुठे खरी शेड असते. ती आपली नसते, एवढंच. आणि हे फुकट काम करणारा तो पंचविशीतला मुलगा, दिवसाला दोन-दोन शेडी उरकणारा, त्याला साइटवर जायला गाडीभाडंसुद्धा कोणी देत नाही. माझा राग त्याच्यावर नाही. माझा राग आहे तो एक टन लोखंड वाचलं म्हणून पेढे वाटणाऱ्या, आणि चार हजार रुपये तपासणीचे म्हटले की ‘कशाला?’ विचारणाऱ्या गिऱ्हाइकांवर. त्यांत शाळा आल्या, देवस्थानं आली, मंगल कार्यालयं आली.

लिफ्टमध्ये शिरलं की पाटी असते : ८ माणसं, ५४४ किलो. अडाणी माणसालाही कळतं नवव्यानं बाहेर थांबायचं. मग शेडला पाटी का नाही? मी समितीत मागणी केली आहे, की १८४ पानांच्या वर एक पान मराठीत हवं, आणि तेच रंगवून दारापाशी लावायचं. वाऱ्याचा वेग किती धरला. शटर बंद धरली की उघडी. फ्लाय ब्रेस किती, आणि ते काढायचे नाहीत. पाया कसा धरला. वर किती किलोपर्यंत टांगता येईल. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण आत्ताच एका माजी विद्यार्थ्यानं छपरावर सौर पॅनेल बसवून द्यायची तयारी दाखवली आहे. चौरस मीटरला पंधरा किलो धरले तर पूर्ण छपरावर आठ टन होतात. देणगीदाराचे आभार मानून मी विचारलं, हे आठ टन कोणाच्या हिशेबात आहेत? सभा थोडी अवघडली. चहा आला.

गोणीतले पंचवीस अँगल गेल्या आठवड्यात लागले, तीन नवे कापून आणले. शटरचं अजून जमलेलं नाही. वळवाचे दिवस जवळ येताहेत, म्हणून सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी प्रार्थना वर्गात घ्यायची असं मुख्याध्यापकांनी मान्य केलंय. भाच्यानं त्या एका पानाचा कच्चा मसुदा पाठवला आहे. त्यात सात ठिकाणी ‘असे गृहीत धरले आहे’ आलंय. मी सातही ठिकाणी लाल रेघ मारून समासात ‘कोणी?’ लिहून परत पाठवलाय. तुमच्यापैकी कोणाच्या शाळेला, सोसायटीला, कारखान्याला अशी पाटी असेल तर तिचा फोटो पाठवा. मजकूर वाचायचा आहे.